सह्याद्रीचे पाय, आल्प्सची वाट: लाउटरब्रुनेनच्या दरीत एक आठवडा

आपल्याकडच्या बहुतेक युरोप सहलींत आल्प्स एका दुपारीत उरकतात. सकाळी बस, मग गाडी, मग युंगफ्राउयोख या उंच बर्फाळ खिंडीत अर्धा तास फोटो, आणि संध्याकाळी दुसऱ्या शहराकडे कूच. आमची पहिली खेप अशीच झाली. वर चढणाऱ्या गाडीच्या खिडकीतून एक सत्तरीची बाई दिसली. पाठीवर छोटी सॅक, हातात काठी, समोर पिवळी पाटी. पाटी वाचून ती निवांत एका पायवाटेला लागली. तेव्हाच ठरवलं की पुढच्या वेळी या बाईसारखं यायचं.

तसे गेलो. आई, बायको, चौदा वर्षांचा मुलगा आणि मी. पुढे जे लिहिलं आहे ते अशाच कुटुंबासाठी: राजगड, हरिश्चंद्रगड केलेले एकदोघे, कळसूबाईला धापा टाकत पोचलेला एखादा, आणि गुडघ्यांची काळजी असलेलं एखादं वडीलधारं माणूस. आल्प्सची रांग फ्रान्सपासून स्लोव्हेनियापर्यंत आठ देशांत साधारण १२०० किलोमीटर पसरली आहे. सगळी पाहायच्या मागे लागलात तर काहीच पाहून होत नाही. एक दरी निवडा. मी स्वित्झर्लंडच्या बर्नर ओबरलांड भागातली लाउटरब्रुनेनची दरी सुचवतो. कारण सरळ आहे: दमलेल्या माणसाला तिथे जवळजवळ कुठूनही गाडी, बस किंवा केबल कार धरून परत येता येतं. सह्याद्रीत ही चैन नाही.

आधी महिना, मग तिकीट

सर्वांत मोठी चूक इथेच होते. शाळेला सुट्टी मे महिन्यात, म्हणून सहलही मे महिन्यात. पण मे महिन्यात आल्प्समध्ये दोन हजार मीटरच्या आसपासच्या वाटा बर्फाखाली असतात. शिवाय हिवाळा आणि उन्हाळा यांच्या मधल्या त्या काळात बऱ्याच केबल कार देखभालीसाठी बंद ठेवतात. तुम्ही हजारो किलोमीटर उडून जाल आणि वाटेच्या तोंडाशी 'गेश्पेर्ट' म्हणजे 'बंद' अशी पाटी वाचून परत याल.

उंचावरच्या वाटा साधारण जूनच्या अखेरीला मोकळ्या होऊ लागतात. अडीच हजार मीटरच्या वर, विशेषतः उत्तरेकडच्या उतारांवर, जुलैच्या मध्यापर्यंत बर्फाचे पट्टे राहतात. जुलै आणि ऑगस्ट हे फुलांचे महिने, पण गर्दीचे आणि दुपारच्या गडगडाटाचेही. माझी पसंती सप्टेंबरला. हवा बहुधा स्थिर, दृष्टी लांबवर, गर्दी कमी. गणपतीची सुट्टी त्यात बसत असेल तर सोन्याहून पिवळं. घरचा गणपती सोडून जायला आई तयार झाली नाही, म्हणून आम्ही विसर्जनानंतर निघालो आणि मुलाची आठवडाभराची शाळा बुडवली. दिवाळीची सुट्टी मात्र उशिराची. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यानंतर वरच्या खाणावळी आणि केबल कार एकेक करून बंद होऊ लागतात, आणि नव्या बर्फाचा भरवसा नसतो.

मे महिन्याशिवाय जमतच नसेल तर जाऊ नका असं मी म्हणणार नाही. फक्त दरीच्या तळाशी आणि तलावांच्या काठाने चाला. लाउटरब्रुनेन ते श्टेखेलबर्ग ही सपाट वाट तेव्हाही उत्तम असते, कारण वितळणाऱ्या बर्फाने धबधबे जोमात असतात.

मुक्काम

रोज हॉटेल बदलायचं नाही, हा नियम. एकाच ठिकाणी सहा-सात रात्री. दरीत पर्याय तीन: खाली ७९५ मीटरवरचं लाउटरब्रुनेन, पूर्वेच्या कड्यावर १२७४ मीटरवरचं वेंगेन आणि पश्चिमेच्या कड्यावर १६३८ मीटरवरचं म्युरेन. वेंगेन आणि म्युरेन या दोन्ही गावांत मोटारी जात नाहीत. वडीलधारी मंडळी बरोबर असतील तर वेंगेन घ्या. दुपारचं ऊन मिळतं, गाडी थेट गावात येते, मेन्लिखेनची केबल कार गावातूनच सुटते. म्युरेन जास्त देखणं, पण तिथून ये-जा करायला प्रत्येक वेळी एक टप्पा वाढतो. खालचं लाउटरब्रुनेन सर्वांत सोयीचं, मात्र उंच कड्यांमुळे तिथे ऊन उशिरा येतं आणि लवकर जातं. आपल्याकडच्या नाळेत तळ ठोकल्यासारखं.

हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेलं घर पाहा. जर्मनमध्ये त्याला 'फेरिएनवोनुंग' म्हणतात, म्हणजे सुट्टीचं घर. भर मोसमात ही घरं बऱ्याचदा शनिवार ते शनिवार अशीच देतात, तेव्हा विमानाचं तिकीट त्याला जुळवून काढा. आणि फोडणी देताना खिडकी उघडी ठेवा. आमच्या पहिल्याच संध्याकाळी मोहरीने धुराची घंटा वाजवली आणि खालच्या मजल्यावरचे आजोबा वर धावत आले. त्यांना वरणभात खायला घातला.

झ्युरिकला उतरल्यावर विमानतळाखालूनच गाडी मिळते. बर्नमार्गे इंटरलाकेन ओस्ट, तिथून छोट्या गाडीने वीस मिनिटांत लाउटरब्रुनेन. एक मेख लक्षात ठेवा: इंटरलाकेनहून सुटणारी ही गाडी त्स्वायल्युचिनेन स्थानकात दुभंगते. अर्धे डबे लाउटरब्रुनेनला जातात, अर्धे ग्रिंडेलवाल्डला. डब्यावरची पाटी वाचूनच चढा.

व्हिसा आणि विमा

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. भारतातल्या उन्हाळी गर्दीत भेटीची तारीख मिळणंच अवघड, म्हणून लवकर हालचाल करा. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो आणि तो सगळेच काढतात. पण विम्याचा कागद नीट वाचा. डोंगरातल्या पायी भटकंतीला तो लागू आहे का? हेलिकॉप्टरने सुटका करावी लागली तर तो खर्च धरलेला आहे का? उंचीची काही मर्यादा घातली आहे का? काही स्वस्त विम्यांत गिर्यारोहण 'साहसी खेळ' म्हणून वगळलेलं असतं आणि त्यात साधं पायी फिरणंही ओढलं जाऊ शकतं. या तीन प्रश्नांची उत्तरं विमा कंपनीकडून लेखी घ्या.

प्रवासाच्या पासांचं गणित

पासांची नावं वाचून डोकं गरगरतं. ते सोपं करायची पद्धत अशी: आठवडाभरात कुठल्या गाड्या आणि केबल कार घेणार याची यादी करा, पूर्ण भाड्याची बेरीज मांडा. बेरीज 'हाफ फेअर कार्ड'च्या किमतीच्या दुपटीहून जास्त झाली तर ते कार्ड वसूल. ते महिनाभर चालतं, आणि गाड्या, बस, बोटी व बहुतेक डोंगरी रेल्वे निम्म्या भाड्यात मिळतात. एकाच दरीत राहून चालणाऱ्याला माझ्या मते हेच परवडतं. 'स्विस ट्रॅव्हल पास' देशभर फिरणाऱ्यांसाठी. मुलं सोळा वर्षांखालची असतील तर त्यांच्या कार्डांबद्दल न विसरता विचारा, खर्चात मोठा फरक पडतो. बर्नर ओबरलांडचा वेगळा प्रादेशिक पासही आहे. रोज दोन-तीन केबल कार घेणार असाल तर त्याचंही गणित मांडून पाहा.

सॅकमध्ये काय, आणि पावसाबद्दल दोन शब्द

पाऊस पडला की आपण मुद्दाम घराबाहेर पडतो. ढाकोबा काय, अंधारबन काय, भिजत चालायचं, खाली येऊन भजी खायची. ही सवय इथे घातक. हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. गावात १८ अंश असताना दोन हजार मीटरच्या वर पाऊस आणि वारा सुरू झाला, की भिजलेल्या सुती टी-शर्टमध्ये माणूस अर्ध्या तासात कुडकुडू लागतो. त्याच पावसाचा ऑगस्टमध्येही वर बर्फ होऊ शकतो.

म्हणून सुती कपडे नकोत. अंगालगत लवकर वाळणारा टी-शर्ट, त्यावर फ्लीस, वर खरोखर पाणी अडवणारं जॅकेट. आपल्या पावसाळी पोंचोचं वाऱ्याने शीड होतं. पातळ हातमोजे आणि कानटोपी जुलैतही सॅकमध्ये ठेवा. हसतील ते हसोत.

बूट घोटा झाकणारे, खोल खाचांच्या तळव्याचे, आणि निदान महिनाभर वापरून पायाला बसलेले. नवे बूट घालून तिथे उतरणं म्हणजे पहिल्याच दिवशी फोडांना निमंत्रण. ज्याला आपण घसारा म्हणतो ती सुट्या खड्यांची निसरडी वाट तिथेही आहे, फक्त खडे चुनखडीचे. उतारासाठी दोन काठ्या घ्या. आमच्या गटात काठ्यांना नावं ठेवणारा मीच होतो आणि आयगरच्या पायथ्याशी आईची उसनी काठी टेकत चालणाराही मीच.

बाकीचं पटकन: टोपी, गॉगल, सनस्क्रीन (दर हजार मीटरला अतिनील किरण सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात आणि थंड हवेत ते जाणवत नाहीत), डोक्याला लावायचा टॉर्च, पायाच्या फोडांच्या पट्ट्या, आणि लांब विजार. कमी उंचीवरच्या गवतात आणि झाडीत गोचीड असतात. संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली तपासा.

पिवळी पाटी वाचायला शिका

आपल्याकडे वाट विचारायची ती गुराख्याला किंवा गावातल्या मामांना. तिथे ते काम पाट्या करतात. देशभरात सुमारे ६५,००० किलोमीटर पायवाटांवर एकच पद्धत आहे.

नुसती पिवळी खूण: साधी वाट, फार अवघड काही नाही. पिवळ्या पाटीच्या टोकावर पांढरा-लाल-पांढरा पट्टा: डोंगरवाट. अरुंद, चढ-उताराची, कुठे तरी दोराला धरायची. आपल्या मध्यम गडवाटा चढलेल्याला ती झेपते, मात्र उंचीची भीती नको. पांढरा-निळा-पांढरा पट्टा: अल्पाइन वाट, म्हणजे कातळ, हिमनदी, कधी दोर आणि बर्फकुऱ्हाड. मार्गदर्शकाशिवाय आणि सरावाशिवाय तिथे जायचं नाही. वाटेतल्या दगडांवर आणि झाडांवरही याच रंगांचे पट्टे रंगवलेले असतात. दहा-पंधरा मिनिटं एकही पट्टा दिसला नाही तर उलटे फिरा.

पाटीवर अंतर नसतं, वेळ असते. 'श्टुंडे' म्हणजे तास. ही वेळ सलग चालणाऱ्याची असते, विश्रांती धरलेली नसते, आणि सपाटीवर ताशी ४.२ किलोमीटर या वेगाने काढलेली असते. आपल्या कुटुंबाचा वेग आपणच मोजायचा. पहिल्या दिवशी सोप्या वाटेवर पाटीची वेळ आणि आपली वेळ टिपा. आम्हाला पाटीच्या दीड तासाला सव्वादोन तास लागले, म्हणजे दीडपट. मग आठवडाभर प्रत्येक पाटीला दीडने गुणलं, वर खाण्यापिण्याचा एक तास धरला. असं केल्याने एकदाही शेवटची केबल कार चुकली नाही.

शेवटची केबल कार. ही गोष्ट इथे अगदी सूर्यास्तासारखी. बऱ्याच ठिकाणी ती संध्याकाळी लवकर सुटते, आणि मोसमानुसार तिची वेळ बदलते. सकाळी वर पोचताच तिथल्या फलकाचा फोटो काढा. गडावर तंबू टाकून राहू, असं इथे चालत नाही.

पहिले दोन दिवस: पाय सैल करा

पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी वेंगेनहून केबल कारने मेन्लिखेन, आणि तिथून क्लाइने शायडेक. सुमारे साडेचार किलोमीटर, दीड तास, वाट किंचित उताराची. समोर आयगर (३९६७ मीटर), म्योंख आणि युंगफ्राउ (४१५८ मीटर) ओळीने उभे. राक्षस, साधू आणि कुमारिका असा नावांचा अर्थ सांगतात. या वाटेवर बाबागाड्याही दिसतात, तेव्हा आईला नेताना चिंता नको. क्लाइने शायडेकला पोचून गाडीने वेंगेनला उतरा.

त्याच्या पुढच्या दिवशी दरीची दुसरी बाजू. लाउटरब्रुनेनहून केबल कारने ग्रूच्चाल्प, आणि तिथून रुळांच्या बाजूने म्युरेनपर्यंत जवळजवळ सपाट वाट, तासाभराची. जोर असेल तर म्युरेनहून आलमेंडहूबेलची उभी रेल्वे घेऊन वर जा आणि नॉर्थफेस ट्रेलचा फेरा मारा, साधारण अडीच तासांचा. नंतर म्युरेनमधून उतरत गिमेलवाल्ड हे छोटं शेतकरी गाव पाहा. लाकडाच्या मोळ्या इतक्या नीट रचलेल्या की आपल्याकडच्या कडब्याच्या गंजीची आठवण यावी.

आयगर: उतरू नका, चढा

आयगर ट्रेल ही या भागातली प्रसिद्ध वाट. आयगरग्लेचर (२३२० मीटर) ते आल्पिग्लेन (१६१६ मीटर), सहा किलोमीटर, आयगरच्या उत्तर भिंतीच्या अगदी पायथ्यातून. जवळजवळ सगळे ती वरून खाली करतात, पाटीवर दोन-सव्वादोन तास. मी उलटं सांगतो: आल्पिग्लेनच्या स्थानकावर उतरा आणि वर चढा.

सह्याद्रीत हिंडलेल्या कुणालाही माहीत आहे की चढ छातीला लागतो आणि उतार गुडघ्याला. छातीचा थकवा चहाने उतरतो, गुडघ्याचा दुसऱ्या दिवशी जिन्यावर कळतो. सातशे मीटर खड्यांवरून उतरण्यापेक्षा सातशे मीटर चढणं, आणि वरून आरामात गाडीने येणं कधीही बरं. शिवाय चढताना भिंत पाठीमागे जात नाही, डोक्यावर वाढत जाते. सुमारे १८०० मीटरची ही भिंत पहिल्यांदा १९३८ मध्ये चढली गेली. कोकणकडा पाहून आलेल्यालाही इथे मान मागे टाकावी लागते. याच डोंगराच्या पोटातून १९१२ मध्ये पूर्ण झालेली युंगफ्राउची रेल्वे जाते. बाहेर आपण चालत असताना आत माणसं डब्यात बसून वर चाललेली असतात.

आईला त्या दिवशी वेंगेनला ठेवलं. तिने गावातल्या बाकावर बसून दिवसभर विणकाम केलं आणि आमच्यापेक्षा जास्त माणसांशी बोलली. कुठल्या भाषेत, ते कळलं नाही.

युंगफ्राउयोखला जायचं का? तिकीट महाग, उंची ३४५४ मीटर, आणि गाडीने थोड्या वेळात एवढं वर गेल्यावर डोकं दुखणं, धाप लागणं साहजिक. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच. सकाळी आकाश निरभ्र असेल तरच जा. ढगात जाऊन आलेला माणूस आयुष्यभर पैशांची हळहळ करतो.

मोठा दिवस: शीनिगे प्लाटे ते फिर्स्ट

एक दिवस पूर्ण राखून ठेवा आणि हवा चांगली असेल त्याच दिवशी खर्च करा. विल्डर्सविलहून १८९३ पासून चालणारी दातेरी रेल्वे शीनिगे प्लाटेला (१९६७ मीटर) नेते. तिथून डोंगराच्या सोंडेवरून फाउलहॉर्न (२६८१ मीटर) आणि खाली बाखआल्पसे तलावाकडून फिर्स्ट. सुमारे सोळा किलोमीटर, पाटीवर सहा तास, म्हणजे आमचे नऊ. पहिली किंवा दुसरी गाडी धरा.

वाट पांढरा-लाल-पांढरा. एका बाजूला ब्रिएन्झ तलावाचं निळं पाणी, दुसऱ्या बाजूला हिमशिखरांची रांग. मधे म्येन्डलेनेन या खिंडीत छोटी खाणावळ लागते. तिथे सूप प्या आणि स्वतःला प्रामाणिक प्रश्न विचारा, कारण परत फिरायचं तर इथूनच सोपं. फाउलहॉर्नच्या माथ्यावर एकोणिसाव्या शतकातलं जुनं हॉटेल आहे. तिथून बाखआल्पसेपर्यंत घसाऱ्याचा उतार. तलावात श्रेकहॉर्नचं प्रतिबिंब पाहायचं तर सकाळ लागते, वारा नसताना. पण दिवसभर चालून आल्यावर त्या पाण्यात पाय बुडवायची मजा सकाळच्या फोटोवाल्यांना मिळत नाही. तलावापासून फिर्स्ट तासाभराच्या आत.

ज्यांना हे झेपणार नाही त्यांनी ग्रिंडेलवाल्डहून केबल कारने फिर्स्टला यावं आणि तलावापर्यंत जाऊन परतावं. आई आम्हाला तिथेच भेटली. पन्नास मिनिटांची वाट तिने सव्वा तासात केली, आणि थर्मासमधला चहा आमच्यासाठी राखून ठेवला होता.

आकाशाशी वागणूक

सकाळी उठल्यावर पहिलं काम वरच्या केबल कार स्थानकाचा वेबकॅम पाहणं. गावात दाट धुकं असताना वर लख्ख ऊन आणि खाली ढगांचा समुद्र असू शकतो. उलटही होतं. मेटिओस्विसचं अ‍ॅप हवामानासाठी, स्विसटोपोचं नकाशासाठी. वाटा बंद असतील तर त्याही तिथे दिसतात. नकाशा आधीच उतरवून ठेवा.

उन्हाळ्यात गडगडाट दुपारनंतर होतो, म्हणून उंच वाट दुपारी एकपर्यंत संपेल असं निघा. वीज चमकल्यावर आकडे मोजा. तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वादळ दहा किलोमीटरच्या आत आहे. धारेवरून खाली या, एकट्या झाडापासून आणि लोखंडी दोरापासून लांब राहा, काठ्या बाजूला ठेवा.

पावसाचा दिवस वाया जात नाही. लाउटरब्रुनेनहून श्टेखेलबर्गपर्यंत तळातून चाला, पावणेदोन तास. सुरुवातीलाच २९७ मीटर उंचीवरून पडणारा श्टाउबबाख धबधबा. १७७९ मध्ये तो पाहून जर्मन कवी ग्योटेला कविता सुचली होती. पुढे ट्र्युमेलबाख, डोंगराच्या पोटात कोसळणारे दहा धबधबे. आयगर, म्योंख आणि युंगफ्राउच्या हिमनद्यांचं पाणी तिथून खाली येतं. आतला आवाज असा की बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. चार वर्षांखालच्या मुलांना आत सोडत नाहीत.

गाई, माणसं आणि जेवण

जूनमध्ये गाई वरच्या कुरणांवर जातात आणि सप्टेंबरमध्ये फुलं बांधून खाली उतरवतात. वाट बहुधा त्यांच्या मधूनच जाते. आपल्याला वाटतं, गाय म्हणजे गरीब. वासरू बरोबर असलेली तिथली गाय गरीब नसते. लांबून वळसा घ्या, वासराला हात लावू नका, फोटोसाठी थांबू नका. कुंपणाचं फाटक उघडलं की मागे लावा.

वाटेवर भेटणारा प्रत्येक जण नमस्कार करतो. या भागात 'ग्रुएसेख' म्हणतात, मराठी तोंडाला ते सहज जमतं. चढणाऱ्याला आधी वाट द्या. स्पीकरवर गाणी नकोत. माथ्यावर 'छत्रपती शिवाजी महाराज की जय' म्हणायची हुक्की आलीच तर हळू म्हणा. आम्ही हळूच म्हटलं, तरी पलीकडच्या दगडावर बसलेल्या नागपूरच्या जोडप्याने उत्तर दिलं. कचरा खाली आणा. वळणं सोडून मधल्या उतारावरून आडवं उतरू नका, कारण त्याने माती धुपते आणि खालच्या माणसावर दगड जातात. दगड सुटलाच तर ओरडा: 'श्टाइन!'

शाकाहाऱ्यांची सोय होते. रोश्टी म्हणजे किसलेल्या बटाट्याचं थालीपीठच. मागताना 'ओने श्पेक', म्हणजे डुकराचं मांस नको, असं सांगा. आल्प्लरमाग्रोनेन हा मॅकरोनी, बटाटा आणि चीजचा प्रकार सफरचंदाच्या गोड लगद्याबरोबर देतात. आधी विचित्र वाटतं, दुसऱ्या घासाला पटतं. कडक शाकाहारी असाल तर हे माहीत असू द्या की तिथल्या अनेक पारंपरिक चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. घरून भाजणी, मेतकूट, चिवडा, बाकरवडी न्या. तूप, पेढे, खवा नेऊ नका, भारतातून दुधाचे पदार्थ नेण्यास बंदी आहे. किराणा शनिवारीच भरा. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, पर्यटनगावांतली काही सोडून. नळाचं पाणी पिण्याचं, कारंज्यांचंही, 'काइन ट्रिंकवासर' लिहिलेलं नसेल तर.

अडचण आलीच तर

मोबाईलमध्ये दोन क्रमांक साठवा: ११२, आणि स्विस हवाई सुटका सेवा 'रेगा'चा १४१४. आपण कुठे आहोत ते सांगता यावं म्हणून नकाशाच्या अ‍ॅपवरून जागेचे आकडे वाचायची सवय आधीच करा. रेंज नसेल तर टॉर्च किंवा शिट्टीने मिनिटात सहा वेळा खूण करा, मिनिटभर थांबा, पुन्हा करा. हीच आल्प्सची सर्वमान्य हाक, आणि मिनिटात तीन वेळा आलेलं उत्तर म्हणजे ऐकलं. हेलिकॉप्टर दिसलं तर दोन्ही हात वर करून 'वाय'चा आकार करा, म्हणजे मदत हवी. एक हात वर आणि एक खाली म्हणजे नको. उत्साहात हात हलवून टाटा करू नका.

एक रात्र वर

पाय सरावले की शेवटून दुसरी रात्र डोंगरावर काढा. श्टेखेलबर्गहून (सुमारे ९१० मीटर) जंगलातून ओबरश्टाइनबर्गच्या जुन्या डोंगरी हॉटेलात (१७७८ मीटर) जाता येतं. चढ जवळजवळ कळसूबाईएवढा, फक्त शिड्या नाहीत. खोल्यांत वीज नाही, मेणबत्ती देतात. फोनवर आधी जागा राखा, आणि येणं रद्द झालं तर तेही फोन करून कळवा. तुम्ही आला नाहीत तर माणूस वाटेत अडकला असं समजून शोध सुरू होऊ शकतो.

आल्पाइन क्लबच्या झोपड्यांत राहणार असाल तर पातळ झोपायची पिशवी लागते, ती घरून न्या. रोख रक्कम ठेवा. बूट दाराशी काढायचे, आतल्या चपला तिथे मिळतात. रात्रीचं जेवण सगळ्यांना एकाच वेळी, आणि दहा वाजता दिवे बंद.

ओबरश्टाइनबर्गला पहाटे साडेपाचला मुलाने उठवलं. दरीच्या पलीकडे ब्राइटहॉर्नच्या टोकावर ऊन आलं होतं, आम्ही अजून अंधारात. त्याने सॅकमधून भाजणीच्या थालीपीठाचा शेवटचा तुकडा काढला आणि तिघांत वाटला. थंडीने तो दगडासारखा झाला होता. खाल्ला, बूट घातले, आणि ओबरहॉर्नसे तलावाच्या पाटीकडे निघालो: पाटीवर एक तास, म्हणजे आमचा दीड.